लांबच लांब लाट हवी आहे? चिकामा, स्केलेटन बे की कांपार नदी

गोव्यात किंवा कर्नाटकातल्या मुल्कीला सर्फिंग शिकलेल्या माणसाला एक लाट साधारण दहा सेकंद मिळते. उभं राहून तोल सावरेपर्यंत किनारा आलेला असतो. म्हणून मिनिटामागून मिनिट चालणाऱ्या लाटेचे व्हिडिओ पाहिले की जीव तिकडे धावतो. ही ओढ मला पूर्ण समजते, आणि ती पुरी करावी असंही मनापासून वाटतं. फक्त कुठे जायचं हे ठरवताना किलोमीटर मोजू नका. पडल्यावर किंवा दमून उतरल्यावर तुम्ही कुठे असाल, ते आधी पाहा.

चिकामा पेरूच्या उत्तर भागात आहे, त्रुहियो शहराच्या वरच्या अंगाला, पुएर्तो मालाब्रिगो या मासेमारीच्या गावाजवळ. दक्षिणेकडच्या वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर कापून इथे पोचतात, भूशिराला वळसा घालताना वाकतात आणि किनाऱ्याच्या कडेकडेने क्रमाने फुटत जातात. ही लाट डावीकडे पळते. तिची लांबी दोन किलोमीटरच्या पुढे सांगतात. पण मालपासो, कीज, एल पॉइंट, एल ओम्ब्रे असे तिचे टप्पे आहेत आणि ते सगळे एकाच सवारीत जोडले जाणं फार दुर्मीळ. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मोठ्या पाण्याच्या दिवशी एकटा एल पॉइंटसुद्धा तुमच्या आजवरच्या सगळ्या लाटांहून लांब वाटेल. लाट बहुधा उतरती, मोकळी असते. एक वळण चुकलं तरी दुसरं घ्यायला वेळ मिळतो, आणि शिकणाऱ्याला याहून मोठी देणगी नाही.

धोका इथेही आहे, पण तो हळूहळू येतो. पहिला थंडीचा. हम्बोल्ट प्रवाहामुळे पाणी गार असतं, वेटसूटशिवाय भागत नाही. दुसरा किनाऱ्यालगत लाटेच्याच दिशेने वाहणाऱ्या जोरदार ओढीचा. सवारी संपली की पॅडल करत मूळ जागी परतणं जवळजवळ अशक्य होतं. लोक वाळूतून चालत येतात, नाहीतर मोटारबोटीने. बोट सोयीची आहे, पण तिच्यामुळे विश्रांतीच उरत नाही. आधीच भरून आलेल्या मांड्यांवर तुम्ही पुन्हा पुन्हा उभे राहता, आणि दमलेला माणूस नको तिथे पडतो. एवढं धरूनही उतरायला जवळच किनारा असतो, तेव्हा चूक सहसा निभावते. पेरूने 2000 साली सर्फिंगच्या लाटांना संरक्षण देणारा कायदाच केला. ज्या देशाला लाट जपण्याजोगी वाटते, तिथे जाण्यात मला वेगळं समाधान वाटतं.

स्केलेटन बे नामिबियात, वॉल्विस बेजवळच्या वाळवंटी किनाऱ्यावर आहे. 2008 मध्ये एका सर्फिंग मासिकाच्या स्पर्धेमुळे, उपग्रहचित्रांतून हेरलेली ही लाट जगापुढे आली. लांबी चिकामाच्या तोडीची, डावीकडेच जाणारी, पण स्वभाव उलटा. ती पोकळ आणि भयंकर वेगवान आहे आणि अगदी उथळ वाळूवर फुटते. एकाच लाटेत अनेकदा बॅरलमधून, म्हणजे वळून पडणाऱ्या लाटेखालच्या पोकळ बोगद्यातून, जाता येतं, म्हणून जगभरचे कसलेले सर्फर तिच्यासाठी विमान पकडतात. बोर्ड मोडतात, खांदे निखळतात, माणसं मानेवर आपटतात. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याची पाठ सबंध वेळ लाटेकडे असते, तेव्हा अडचण आणखी वाढते. शिवाय ती वर्षातले मोजकेच दिवस नीट चालते आणि अंदाज जेमतेम काही दिवस आधी कळतो. भारतातून रजा काढून जाणाऱ्याने तिच्यावर पैसे लावू नयेत. उथळ पाण्यावरच्या बॅरलची सवय नसेल तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे.

तिसरा पर्याय समुद्रात नाहीच. इंडोनेशियात सुमात्राच्या रियाऊ प्रांतातल्या कांपार नदीत ‘बोनो’ येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती नरसाळ्यासारख्या मुखात कोंडते आणि उथळ पात्रातून भिंतीसारखी उलटी चढत जाते. कोकणात खाडीकाठी वाढलेल्यांना उधाण ठाऊक असतं, पण नदीच उलटी उभी राहिलेली पाहणं निराळं. एकामागून एक येणाऱ्या लाटांमुळे तिला सात भुतंही म्हणतात. 2016 साली ऑस्ट्रेलियाच्या जेम्स कॉटनने इथे 17.2 किलोमीटर सवारी केली आणि गिनीजने ती नोंदवली. चिकामा तिच्यापुढे छोटी वाटते.

आणखी एक फायदा म्हणजे भरतीचं गणित महिने आधी मांडता येतं, त्यामुळे तारीख धरून तिकीट काढता येतं. पण इथे पडलात तर पुढची लाट अंगावर येते. पाणी गढूळ, त्यात ओंडके, काठ खचणारे, आणि नदीत मगरी आहेत. लाट पुढे निघून जाते, तुम्ही रुंद पात्राच्या मधोमध उरता. समुद्रात पुढच्या लाटेची वाट पाहता येते, इथे मात्र बोटीने मागून गाठलं तरच ती पुन्हा मिळते. म्हणून बोनोचा सगळा प्रश्न बोट चालवणाऱ्याचा आहे. माणसामागे किती बोटी, पडलेल्याला उचलायला वेगळी बोट आहे का, नावाडी त्याच नदीवरचा आहे का, हे आधी विचारा. उत्तरं गुळमुळीत आली तर पैसे भरू नका.

ब्रिटनमधल्या मराठी मंडळींसाठी सेव्हर्न नदीचा बोर, म्हणजे बोनोसारखीच नदीत उलटी चढणारी भरतीची लाट, जवळ आहे. वेळापत्रक आधी जाहीर होतं. पण पाणी गार आणि चिखलाचं, काठावरची झाडं आडवी येतात, आणि ओळखीच्या स्थानिकाशिवाय उतरू नये.

पहिली लांब लाट म्हणून मी चिकामाच सुचवेन, एप्रिल ते ऑक्टोबरच्या दरम्यान आणि हाताशी दोन आठवडे ठेवून. जायच्या आधी दोन-तीन महिने मांड्या आणि खांदे कमवा. पोचलात की पहिल्या दिवशी बोट घेऊ नका. एक सवारी करा, किनाऱ्याने चालत परत या. ओढ कुठे जोर धरते, खडक कुठे आहेत, बाहेर पडायच्या जागा कोणत्या, हे पायांना कळू द्या. बोटीचं दुसऱ्या दिवशी ठरवा.