जपानी नावांवरची आडवी रेघ टाइप करायचीय? मॅकचा एबीसी एक्स्टेंडेड कीबोर्ड वापरून बघा

जपानीतून इंग्रजीत भाषांतर करणारे, जपानी क्लायंटशी रोज ईमेलवर बोलणारे, जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा देऊन नुकतेच कामाला लागलेले, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. मॅकवर नेहमीच्या इंग्रजी कीबोर्डच्या जोडीला एबीसी एक्स्टेंडेड नावाचा एक लेआउट आधीपासूनच असतो, काही डाउनलोड करायला लागत नाही, पैसे नाहीत, आणि तरी चांगली जपानी येणारे कितीतरी लोक ओ वरची रेघ दुसरीकडून कॉपी-पेस्ट करत बसतात. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, तिथे इनपुट सोर्सेसच्या पुढे एडिट, मग प्लस दाबून इंग्लिशमधून हा निवडायचा, झालं. ऑप्शन धरून ए दाबायचं, सोडायचं, मग ओ किंवा यू दाबलं की डोक्यावर रेघ घेऊनच अक्षर येतं, शिफ्ट धरलं तर कॅपिटलवरही येते. दोन-चार दिवसांत बोटांना इतकी सवय होते की मुद्दाम आठवावं लागत नाही.

आता ही रेघ, म्हणजे स्वर दीर्घ आहे हे दाखवणारा मॅक्रॉन, टाकायची कशाला असं बरेच जण विचारतात. आपण मराठी लोकांनी तरी हे विचारू नये असं मला मनापासून वाटतं, सुत आणि सूत यातला फरक आपल्याला शाळेत शिकवलेला असतो. जपानीत ओनो हे एक आडनाव आणि ओऽनो हे दुसरं, पहिल्याची कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरं, लहान मैदानाची, दुसऱ्याची मोठ्या मैदानाची, दोन वेगळी घराणी. युकी आणि यूकीचंही तेच, पहिलं बहुतेक वेळा मुलीचं नाव असतं आणि दुसरं पुष्कळदा मुलाचं. रेघ काढली की इंग्रजीत हे सगळे एकसारखे दिसतात, आणि मग एकाच ईमेलच्या साखळीत दोन ओनो-सान (सान म्हणजे आपलं 'जी') असले की कुठल्या ओनो-साननी अप्रूव्हल दिलंय हे कोणालाच कळत नाही, मीटिंगमध्ये तोंडावर चुकीचं नाव घेतलं जातं ते वेगळंच.

'इंग्रजी वाचणाऱ्याला त्या रेघेचा अर्थ कुठे कळतो' हे नेहमीचं उत्तर मला पटत नाही. ज्याला कळत नाही तो रेघेकडे न बघता पुढे वाचतो, त्याचं काही बिघडत नाही, पण ज्याला कळतं त्याला माणसाचं खरं नाव मिळतं. आणि ही काही आजची नवी फॅशन नाही, योकोहामात राहिलेले अमेरिकन मिशनरी डॉक्टर हेपबर्न यांच्या जपानी-इंग्रजी शब्दकोशाची तिसरी आवृत्ती 1886 ला आली त्यात दीर्घ ओ आणि यू वर रेघ आहेच. उलट जपानी शब्द रोमन लिपीत लिहायच्या जपान सरकारच्या 1954 च्या नियमात रेघेऐवजी टोपी (^) होती, आणि जुन्या कॉम्प्युटरवर पश्चिम युरोपच्या अक्षरसंचात टोपीवालं ओ मिळायचं पण रेघवालं नव्हतंच, त्यामुळे जुन्या फाइलींमध्ये टोप्या दिसल्या तर दचकू नका. 2025 मध्ये जपानच्या सांस्कृतिक व्यवहार परिषदेने हेपबर्नवर आधारित पद्धतीची शिफारस केली, त्यात दीर्घ स्वरासाठी रेघ आहे, किंवा स्वराची अक्षरं शेजारी शेजारी लिहायची मोकळीकही आहे.

पण कीबोर्ड हातात आला म्हणून दिसेल त्या नावावर रेघ मारत सुटायचं नाही, हे मी ठासून सांगेन. हयात माणूस आपलं नाव इंग्रजीत कसं लिहितो ते आधी बघायचं. बेसबॉलवाल्या ओहतानीच्या जर्सीवर ओ नंतर एच आहे, 868 होमरन मारणारे सादाहारू ओह यांचं आडनाव तर नुसता एक दीर्घ ओ, तेही ओ-एच असंच लिहितात, टेनिसवाली नाओमी ओसाका ना रेघ लावते ना एच. ती त्यांची नावं आहेत, आपण दुरुस्त करायची नाहीत. पासपोर्टवर तर रेघ नसतेच, तिथे ओऽनो बहुतेक वेळा साधा ओनो होतो किंवा एचवाला, त्यामुळे विमानाचं तिकीट, व्हिसाचा फॉर्म, बँकेचे कागद इथे पासपोर्टवर असेल तसंच्या तसं, एक अक्षर इकडेतिकडे नाही. मेइजी काळातले इतो हिरोबुमी यांच्यासारखी इतिहासातली माणसं, पेपरमध्ये उल्लेख झालेले संशोधक ज्यांचं इंग्रजी स्पेलिंग कुठेच सापडत नाही, पुस्तकाची सूची, म्युझियमचं लेबल, इथे मात्र रेघ हवीच, आणि एकदा लावली की शेवटच्या पानापर्यंत लावायची, अर्धी नावं रेघेची आणि अर्धी बिनरेघेची असा मजकूर सगळ्यात वाईट दिसतो.

परत कीबोर्डकडे. खटकणारी गोष्ट म्हणजे ऑप्शनची जुनी सवय मोडते, साध्या लेआउटवर ऑप्शन-ए ने ए वर गोल यायचा, इथे त्यासाठी ऑप्शन-के दाबून मग ए, म्हणजे स्वीडिश किंवा नॉर्वेजियन नावंही लिहिणाऱ्यांना थोडं चुकल्यासारखं होतं. ज्युन-इचिरो सारख्या नावात एन नंतर अपॉस्ट्रॉफी लागते तिला या लेआउटचा काही उपयोग नाही, ती हातानेच टाकायची.

विंडोजवाल्यांनी माओरी कीबोर्ड ॲड करावा, न्यूझीलंडच्या माओरी भाषेतही हीच रेघ असते त्यामुळे आपलं काम आयतं होतं. एकच्या डावीकडची बॅकटिक (`) दाबायची आणि मग स्वर. कोड लिहिणाऱ्यांना मात्र वैताग येईल कारण नुसती बॅकटिक हवी असेल तर पुढे स्पेस दाबावी लागते, त्यांनी लेआउट बदलायचा शॉर्टकट लावून ठेवावा. फोनवर तर काहीच करायला नको, ओ दाबून धरला की वर पर्यायांमध्ये रेघवाला असतो.

मॅकवाल्यांनी हा लेआउट आजच चालू करा, माझ्याकडून पाचपैकी साडेचार. त्याच्याबरोबर प्रोजेक्टच्या शीटमध्ये प्रत्येक माणसासाठी कांजी, हिरागाना या जपानी उच्चारलिपीतला उच्चार आणि त्याचं स्वतःचं इंग्रजी स्पेलिंग असे तीन कॉलम पहिल्याच दिवशी करून घ्या, उच्चार माहीत नसेल तर त्या माणसाला सरळ विचारा, जपानमध्ये नावाचा उच्चार विचारण्यात कोणी वाईट वाटून घेत नाही, तिकडच्या फॉर्मवर फुरिगानासाठी, म्हणजे नावाचा उच्चार लिहायला, वेगळी जागाच असते.