रेव्होचं इंजिन बदलताना: टीआरएक्स ३.३ पुन्हा घ्यावं की मोठं बसवावं?

ट्रॅक्सास कंपनीच्या नायट्रो रेव्हो किंवा टी-मॅक्स या रिमोटवर पळणाऱ्या, नायट्रो इंधनाच्या मॉडेल गाड्यांमधलं इंजिन दमलं की बऱ्याच जणांच्या डोक्यात लगेच मोठं इंजिन शिरतं. बदलायचंच आहे तर ट्वेंटीएट (०.२८ घनइंच) टाकू, निदान ट्वेंटीवन (०.२१) तरी! या गाड्यांसाठी आमची शिफारस मात्र कंटाळवाणी आहे: जे मूळचं होतं तेच, म्हणजे टीआरएक्स ३.३. तेही जुनं इंजिन खरोखर संपलंय याची खात्री केल्यावरच.

ही खात्री कशी करायची? इंजिन थंड असताना सहज सुरू होतं, टाकीभर पळतं, पण गरम असताना बंद पडलं की कितीही स्टार्टर मारा, उठत नाही. निवल्यावर पुन्हा पहिल्या झटक्यात चालू. असं होत असेल तर बहुधा पिस्टन-स्लीव्ह झिजलेत. या इंजिनांत पिस्टनला रिंग नसते. पितळी स्लीव्ह, म्हणजे पिस्टन जिच्यात सरकतो ती नळी, वरच्या टोकाला किंचित निमुळती असते आणि पिस्टन तिथे अडकतो, त्या पकडीवरच कॉम्प्रेशन अवलंबून असतं. ग्लो प्लग (तापलेल्या तारेनं इंधन पेटवणारा प्लग) काढा, थंड इंजिनाचं फ्लायव्हील हातानं फिरवा. पिस्टन वर पोचताना ठसठशीत अडला पाहिजे. काहीच न जाणवता फ्लायव्हील गरगर फिरलं तर स्लीव्ह गेली.

कनेक्टिंग रॉडसाठी पिस्टन मधल्या उंचीवर आणा, प्लगच्या भोकातून बारीक लाकडी काडी पिस्टनवर टेकवा आणि फ्लायव्हील किंचित पुढे-मागे हलवा. फ्लायव्हील हलतंय, काडी मात्र स्तब्ध आणि आतून टकटक, असं असेल तर रॉडचं खालचं बूश गेलंय. असं इंजिन पळवत राहिलात तर रॉड तुटून क्रँककेसच फोडतो.

तिसरी तक्रार असते ती आयडल वर-खाली होण्याची: थ्रॉटल सोडला तरी इंजिन काही सेकंद ओरडत राहतं, ट्यूनिंग आज एक तर उद्या दुसरं. यात बहुतेकदा इंजिन निर्दोष असतं, कुठून तरी हवा आत शिरत असते. इंजिन उतरवा, एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरचं तोंड रबरी बुचानं बंद करा, इंधनाच्या निपलला नळी जोडून फुंका आणि इंजिन पाण्यात बुडवा. पुढच्या बेअरिंगजवळून एखाद-दुसरा बुडबुडा आला तर चालतं. कार्बच्या मानेतून किंवा बॅकप्लेटमधून (इंजिनाच्या मागच्या झाकणातून) आले तर ओ-रिंग आणि गॅस्केट बदला, नवं इंजिन घेऊ नका. तपासणी झाल्यावर इंजिन पूर्ण वाळवून त्यात तेल सोडायला विसरू नका.

फक्त पिस्टन-स्लीव्हच झिजले असतील आणि दोन्ही बेअरिंग खरखर न करता फिरत असतील, तर पिस्टन, स्लीव्ह आणि रॉडचा संच टाकणं स्वस्त पडतं. पण बेअरिंग गेलेली असतील आणि स्लीव्हवर उभे ओरखडे दिसत असतील, तर संच आणि बेअरिंग यांची बेरीज नव्या इंजिनाच्या जवळ जाते. तेव्हा नवंच घ्या. उभे ओरखडे म्हणजे एअर फिल्टरमधून धूळ गेली. तो दोष तसाच ठेवलात तर नवं इंजिनही त्याच वाटेनं जाईल.

आता टीआरएक्स ३.३ बद्दल. ३.३ सीसी म्हणजे ०.२० घनइंच. याच्या आधीचं टीआरएक्स २.५ होतं ०.१५ चं. ३.३ ची खुबी अशी की ही क्षमता स्मॉल ब्लॉकच्या, म्हणजे लहान मापाच्या इंजिनाच्या, अंगात बसवलेली आहे. म्हणून टीआरएक्स २.५आर इंजिनवाल्या जुन्या रेव्होतही ते फारसा खटाटोप न करता उतरतं. वजन वाढत नाही, माउंट बदलावा लागत नाही, मूळचा एक्झॉस्ट पाइप चालतो. लहान अंगात जास्त क्षमता घातल्याची किंमत म्हणजे उष्णता. हे इंजिन लीन (हवेच्या मानानं इंधन कमी) चालवलेलं मुळीच सहन करत नाही.

ऑर्डर देताना लोक हमखास फसतात ते क्रँकशाफ्टच्या प्रकारात. हे इंजिन आयपीएस शाफ्ट आणि मल्टी-शाफ्ट अशा दोन प्रकारांत येतं. ३.३ वाल्या रेव्होचा क्लच आयपीएस शाफ्टसाठी आहे. मल्टी-शाफ्ट जुन्या आणि इतर कंपन्यांच्या गाड्यांसाठी. चुकीचा घेतला तर क्लच बेल (क्लचवरची दातेरी वाटी) बसतच नाही, किंवा बसून डगमगते. दुसरा प्रश्न स्टार्टरचा. पुलस्टार्ट (दोरी ओढायचा स्टार्टर) लावलेलं आणि स्टार्टरविना, दोन्ही मिळतं. तुमची गाडी ईझी-स्टार्टची (ट्रॅक्सासच्या बॅटरीवरच्या स्टार्टरची) असेल तर स्टार्टरविना घ्या आणि जुन्या इंजिनाची ईझी-स्टार्ट बॅकप्लेट त्यावर चढवा. ती चढवताना वन-वे (एकाच दिशेला पकडणारं) बेअरिंगही बदलून टाका. जुनं घसरतं आणि नवं घट्ट इंजिन फिरवायची ताकद त्यात उरलेली नसते.

ईझी-स्टार्ट हेच आमच्या मते ३.३ पुन्हा घेण्याचं सर्वांत मोठं कारण आहे. हातातला डबा जोडायचा, बटण दाबायचं, की प्लगही तापतो आणि इंजिनही फिरतं. प्लगचा दिवा लागला नाही तर प्लग गेलाय हे उघडून न पाहता कळतं. दुसऱ्या कंपनीचं इंजिन घेतलंत की ही सोय बहुधा गेली, कारण क्रँककेसला बॅकप्लेट जुळत नाही. मग पुलस्टार्टची दोरी ओढत बसा.

मोठ्या इंजिनाचा हिशेब आता मांडूच. ट्वेंटीवन आणि त्यापुढची बिग ब्लॉक इंजिनं. त्यांच्या पायांच्या भोकांमधलं अंतर वेगळं, म्हणजे माउंट नवा. क्रँकशाफ्ट जाड, म्हणजे फ्लायव्हील, कॉलेट, क्लच शूज आणि बेल नवी. हेडर (इंजिन आणि पाइप जोडणारी नळी) नवा, पाइप मोठा हवाच, नाहीतर इंजिन कोंडतं आणि तापतं. ३.३ चा कार्ब स्लाइड प्रकारचा, सरळ रेषेत सरकणारा. नवा रोटरी असेल तर त्याचा हात कमानीत फिरतो, आणि थ्रॉटलची लिंकेज पुन्हा आखावी लागते. एवढं करून ताकद पोचते कुठे? प्लॅस्टिकच्या स्पर गिअरवर (क्लच बेल फिरवते ते मोठं दातेरी चाक) आणि ड्राइव्हशाफ्टवर. त्यांचीही रांग लागते. शेवटी इंजिनापेक्षा बाकीचा खर्च जास्त होतो. ज्यांना उंच उड्या आणि उभी चाकंच हवी आहेत त्यांनी एचपीआय सॅव्हेजसारखी मुळातच बिग ब्लॉकसाठी बनलेली गाडी घ्यावी. तिथे ४.६ सीसीच्या जागी ५.९ टाकणं तुलनेनं सरळ आहे.

स्मॉल ब्लॉकमधला दुसरा पर्याय म्हणजे ओएस कंपनीचं ०.१८, म्हणजे साधारण २.९५ सीसी. जपानी बनावट, ट्यूनिंग टिकून राहतं, आयडल घड्याळासारखं. खालचा जोर ३.३ पेक्षा कमी, वरचे आरपीएम छान. मात्र शाफ्ट, एक्झॉस्ट मागून की बाजूनं, आणि स्टार्टर, या तिन्ही गोष्टी जुळताहेत का ते आधी तपासा. रेव्होचं एक्झॉस्ट मागून निघतं. बाजूच्या एक्झॉस्टचं इंजिन आणलंत तर पाइप जाणार कुठे?

एचएसपी कंपनीच्या वनटेन (एक-दशांश मापाच्या) ट्रकवाल्यांसाठी थोडक्यात: त्यातलं व्हीएक्स १८ इंजिन साइड एक्झॉस्टचं असतं आणि अख्खं नवं स्वस्तात मिळतं. त्याचे पिस्टन-स्लीव्ह शोधत बसू नका.

बसवताना आधी माउंटचे स्क्रू आणि भोकं तेलमुक्त करा, मग निळं थ्रेडलॉक लावा. ॲल्युमिनियममधले स्क्रू कंपनानं सैल होतातच, आणि इंजिन तिरकं झालं की स्पर गिअरचे दात गेलेच म्हणून समजा. क्लच बेल आणि स्पर यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरून मेश, म्हणजे दातांमधली फट, लावा, पट्टी काढल्यावर किंचित खेळ उरला पाहिजे, आणि स्पर पूर्ण फिरवून सगळीकडे तो सारखा आहे ना हे बघा. क्लच बेलची बेअरिंग याच वेळी नवी टाका: ट्रॅक्सासला ५×११×४ मिलिमीटर लागतात, बऱ्याच इतर गाड्यांना ५×१०×४. हेडरचं गॅस्केटही नवं हवं. तिथून गळलं तर पाइपमधून टाकीला जाणारा दाब कमी होतो, इंधन कमी येतं आणि इंजिन लीन होतं. लोक मग उगाच निडल (कार्बमधून किती इंधन जावं ते ठरवणारा स्क्रू) पिळत बसतात.

ब्रेक-इनला, म्हणजे नवं इंजिन रुळवायला, पाच टाक्या, रेव्होच्या १५० सीसी टाकीनं पाऊण लिटर इंधन. बॉडी काढून, सपाट जागी. सुरुवातीची सेटिंग: हाय-स्पीड निडल पूर्ण बंद करून चार फेरे उघडी, लो-स्पीड निडलचं डोकं स्लाइडच्या टोकाशी समपातळीत. निडल बंद करताना नुसती टेकेपर्यंतच फिरवा, आवळली तर तिची बैठक कायमची बिघडते. पहिल्या टाकीला पाव थ्रॉटलच्या पुढे जाऊ नका, दोन सेकंद हळूहळू वेग घ्या आणि थांबा. दुसऱ्या-तिसऱ्या टाकीला अर्धा थ्रॉटल. चौथ्या-पाचव्याला हळूहळू पूर्ण, तोही दोन-तीन सेकंदच. धूर भरपूर निघाला पाहिजे. दर टाकीनंतर पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, आणि थंड होताना फ्लायव्हील फिरवून पिस्टन तळाशी आणून ठेवा, नाहीतर आकसणारी स्लीव्ह पिस्टनला पकडून बसते. नवं इंजिन स्टार्टरला फिरवता येत नसेल तर प्लग अर्धा फेरा सैल करा, चालू झालं की लगेच आवळा. आधी हेअर ड्रायरनं हेड तापवून घेणं त्याहून बरं, रॉडवर ताण कमी येतो.

इंधन मॉडेल गाड्यांचंच, २० टक्के नायट्रोमिथेनचं. कंपनी १० ते ३३ टक्क्यांची मुभा देते. मॉडेल विमानाचं इंधन हाताशी असतं म्हणून ते ओतणारे भेटतात. त्यात सहसा नायट्रो कमी आणि तेल जास्त असतं, त्यामुळे इंजिन चालतं पण सुस्त, आणि निडलची सगळी सेटिंग बदलावी लागते. पंपावरचं पेट्रोल चालेल का, हा प्रश्न अजूनही येतो. नाही. ग्लो प्लगची तार मिथेनॉलमुळे तापलेली राहते, पेट्रोलनं नाही. शिवाय पेट्रोलनं टाकीची सिलिकॉन नळी फुगते.

ट्यूनिंगसाठी इन्फ्रारेड थर्मामीटर घ्याच. प्लगच्या खड्ड्यात रोखून ९३ ते १३२ अंश सेल्सियसमध्ये आकडा हवा. मे महिन्यात आम्ही १२० च्या पुढे जाऊ देणार नाही. पण तापमान हा पुरावा, ट्यूनिंगचं साधन नव्हे. पूर्ण थ्रॉटलला निळसर धुराची रेघ दिसलीच पाहिजे. आयडलला कार्बजवळची नळी चिमटा: इंजिन दोन-चार सेकंद चालून आवाज चढून बंद पडलं तर लो-स्पीड बरोबर, लगेच मेलं तर लीन, बराच वेळ घरघरत राहिलं तर रिच, म्हणजे इंधन जास्त. निडल एका वेळी एक-अष्टमांश फेराच हलवा.

इथे पुणेकरांसाठी एक धोका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, हवा मुंबईपेक्षा सुमारे पाच-सहा टक्के विरळ. पुण्यात टोकदार ट्यून केलेली गाडी तशीच मुंबईत पळवलीत तर दाट हवेत ती लीन जाते आणि नवं इंजिन पहिल्याच दिवशी भाजतं. घाट उतरलात की हाय-स्पीड निडल आधी एक-अष्टमांश उघडा, मग स्टार्टर लावा. महाबळेश्वराहून उतरताना त्याहून जास्त.

एअर फिल्टरचे दोन्ही फोम तेलात भिजवून पिळलेले हवेत, आणि मानेला झिप-टाय. कोकणातली जांभ्याची लाल धूळ कोरड्या फोममधून सरळ आत जाते. स्लाइडवरचं रबरी बूट फाटलं असेल तर धूळ आणि हवा दोन्ही तिथून येतात. ३.३ मध्ये आमच्या मते सर्वांत कमकुवत भाग हाच, सुटा घेऊन ठेवा.

पावसाळ्यात गाडी कपाटात जायच्या आधी टाकी रिकामी करून उरलेलं इंधन आयडलवर जाळून टाका. प्लग काढून आणि कार्बमधून आफ्टर-रन तेलाचे (वापरानंतर गंज रोखायला सोडायच्या तेलाचे) पाच-सहा थेंब सोडा, इंजिन दहा-बारा वेळा फिरवा. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि मागचं बेअरिंग गंजतं ते वापरानं नव्हे, जून ते सप्टेंबर नुसतं पडून राहिल्यानं. अर्धवट भरलेला इंधनाचा डबा दिवाळीला नव्या इंजिनात ओतू नका.