फियाटचा पूर्ण पीयू (पॉलियुरेथेन) रंग: १६ महिन्यांनंतर, खर्चासकट

"काका, गाडी विकायचीये की ठेवायचीये?"

धायरीतल्या पेंटरने गाडीभोवती एक फेरी मारली आणि पहिला प्रश्न हा विचारला. विकायची असेल तर ४५ हजारांत चकाचक करून देतो म्हणाला. ठेवायची असेल तर आधी सगळा रंग उतरवायचा, खाली पत्रा किती शिल्लक आहे ते बघायचं, आणि मग आकडा बोलायचा. गाडी बाबांनी १९८२ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट. स्टिअरिंगवरचा गिअर मी हिच्यावरच शिकलो. विकायचा प्रश्नच नव्हता.

स्वस्तातलं काम काय असतं ते मी भोगलेलं आहे. आठ वर्षांपूर्वी एका गॅरेजात असंच करून घेतलं होतं. जुन्या रंगावरच पॉलिश पेपर मारला, खड्डे लांबीने (पुट्टीने) बुजवले, वरून गन फिरवली. पहिल्या दिवाळीत गाडी नवीकोरी दिसत होती. दुसरा पावसाळा सरता सरता मागच्या मडगार्डच्या कडेला फोड आले. पुढे एकदा नखाने टोकरलं तर रुपयाएवढा पोपडा हातात आला, आणि त्याच्या पाठीला गंजाची तांबडी भुकटी चिकटलेली.

म्हणून या वेळी पूर्ण काम करायचं ठरवलं. अंदाज सांगितला होता १,३०,००० रुपये, झाले १,७७,०००. त्यात पत्र्याचं काम ४८,०००, रंगाचं सामान ३६,५००, पेंटिंगची मजुरी ५२,०००, खोलणं-जोडणं १५,०००, काचांची रबरं, बीडिंग आणि क्लिपा ११,५००, बंपर आणि ग्रिलचं क्रोम १४,०००. रंगाच्या सामानात किंवा मजुरीत एक रुपयाही वाढला नाही. क्रोम अंदाजात धरलंच नव्हतं, ती माझी मागाहूनची मागणी. रबरं पाच हजारांनी वाढली. उरलेले २८ हजार पत्र्याने खाल्ले.

ते कसे, हे मी समोर उभं राहून पाहिलं. रिमूव्हर लावला की रंग सुरकुततो आणि पट्टीने खरवडून निघतो. डाव्या दारावर मूळचा क्रीम, त्यावर कधीतरी मारलेला पांढरा, त्यावर पुन्हा क्रीम, असे थर झाडाच्या खोडासारखे दिसत होते. पुढच्या डाव्या मडगार्डवर मी घरून नेलेलं फ्रिजचं चुंबक धरलं, ते चिकटेचना. तिथे लांबीचा पाच-सहा मिलिमीटर जाड थर होता. डेंटरने छिन्नी लावली तर तळहाताएवढा तुकडा आख्खा निघाला आणि खाली चाळणी झालेला पत्रा. दारांखालच्या सिलची अवस्था याहून वाईट. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे सिल सडणं हा फक्त दिसण्याचा मामला नाही, गाडीची ताकदच जाते. दोन्ही सिल, बॅटरीखालचा ट्रे आणि डिकीतला स्टेपनीचा खड्डा कापून नवा पत्रा वेल्ड केला. या खर्चाचं मला जराही दुःख नाही. गंजावर रंग मारून झाकून ठेवलं असतं तर मी या गाडीत आईला बसवलं नसतं.

उघड्या पत्र्यावर लगेच इपॉक्सी प्रायमर मारायचा, हे मी आधीच बजावलं होतं. दमट हवेत उघडा पत्रा एका रात्रीत लाल होतो. गाडी जानेवारीत दिली ती याच हिशोबाने. सहा आठवडे सांगितले होते, लागले चार महिने. इन्शुरन्सच्या गाड्या आल्या की जुनी गाडी कोपऱ्यात सरकते, हे जवळजवळ सगळीकडे होतं. दर शनिवारी चक्कर मारली म्हणून मेमध्ये तरी मिळाली.

शेडची गोष्ट मात्र आवडीने सांगण्यासारखी आहे. बाहेरचा क्रीम उन्हाने पार पिवळा पडलेला, त्यावरून शेड काढली तर चूकच होणार. पेंटरने मागची सीट उपसली. खाली, जिथे कधी ऊन पोचलंच नव्हतं, तिथला धुळीचा थर पुसून त्याने कापडावर रबिंग कंपाउंड घेतलं आणि वीतभर जागा हळूहळू घासली. हस्तिदंतासारखा, किंचित गुलाबीकडे झुकणारा रंग वर आला. बाबांनी शोरूममधून आणली तेव्हा गाडी अशी होती! शेड तिथून जुळवली, आणि जुळली का ते उन्हात नेऊन पाहिलं, ट्यूबलाइटखाली नाही.

क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, घेतला नाही. सॉलिड रंगात डायरेक्ट ग्लॉस पीयू मिळतो, म्हणजे चमक रंगातच असते. जुन्या गाडीवर क्लिअरची काचेसारखी झाक मला उपरी वाटते. जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग हवा असं काही शौकीन म्हणतील, त्यांची आवड त्यांच्यापाशी. तो नुसता थिनर उडून वाळतो, म्हणून थिनरने पुन्हा विरघळतो आणि उन्हात लवकर मंद पडतो. पीयू हार्डनरमुळे रासायनिकरीत्या घट्ट होतो. पूर्वी पंपावर पेट्रोल सांडलं की झाकणाखाली ओघळाचा डाग कायमचा राहायचा. या १६ महिन्यांत दोनदा सांडलं, फडक्याने पुसलं, खूणही नाही.

पेंट मारताना मात्र एक गोष्ट खटकली, आणि मी ती तिथेच बोललो. पीयूच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट फुफ्फुसांना फार घातक असतं आणि पोरगा तोंडाला नुसता रुमाल बांधून गन चालवत होता. दुसऱ्या दिवशी कार्ट्रिजचा मास्क घेऊन गेलो. तुम्हीही काम देताना हे विचारा.

पहिला महिना पाण्याशिवाय काही लावलं नाही, वॅक्सही नाही, कारण आतला थिनर पूर्ण निघायला वेळ लागतो. तेव्हापासून ४,२०० किलोमीटर झाले. एक अख्खा पावसाळा, एक उन्हाळा आणि आता दुसरा पावसाळा चालू आहे. महाबळेश्वर, ताम्हिणी, आणि रोजचं कोथरूड. सिलमध्ये ओल नाही, डिकी कोरडी, मडगार्डवर फोड नाहीत. टपावर सोसायटीतल्या झाडाचा चीक पडतो, तो ओल्या फडक्याने त्याच दिवशी काढला तर जातो.

तक्रारी दोन. उजव्या मागच्या दारावर जवळून पाहिलं तर संत्र्याच्या सालीसारखा पोत दिसतो. २००० नंबरचा वॉटर पेपर आणि रबिंग करून देतो म्हणाले होते, अजून केलेलं नाही. दुसरी जास्त गंभीर. डाव्या मागच्या दाराच्या खालच्या कडेला गेल्या आठवड्यात मुगाएवढा फोड दिसला. दाराच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात. तिथलं एक भोक प्रायमरनेच बुजलं होतं, आत पाणी साचत राहिलं. मी टाचणीने उघडलं तर गढूळ पाणी ठिबकलं. गाडी ताब्यात घेताना चारही दारांची भोकं तपासा, मी तपासली नव्हती.

पेंटरला फोन केला. पाऊस थांबल्यावर घेऊन या, दार उतरवून आतून बघू, पैसे नाही घेणार म्हणाला. शंभर मिली रंग मी डब्यात राखून ठेवलाय. हार्डनर नवा आणावा लागेल, उघडलेला हवेतल्या ओलाव्याने केव्हाच घट्ट झाला. दसऱ्यानंतरचा पहिला शनिवार ठरलाय.