छोटी एपिस्कोपल शाळा: एका पालकाचा अभिप्राय

ह्यूस्टनच्या ज्या शाळेत आमची मुलगी पहिलीपासून आठवीपर्यंत शिकली आणि तिचा धाकटा भाऊ अजून शिकतो आहे, त्या शाळेविषयी ओळखीचे मराठी पालक प्रवेश-अर्जांचे दिवस आले की हमखास विचारतात. शिक्षण कसे आहे, फी एवढी का आहे आणि चर्चची शाळा असल्यामुळे मुलांवर धर्म लादला जातो का, हे त्यांचे मुख्य प्रश्न असतात. शाळेचे नाव येथे देत नाही, कारण काही तक्रारीही लिहायच्या आहेत. शिवाय चर्चच्या आवारात भरणाऱ्या पण स्वतःचे विश्वस्त मंडळ असणाऱ्या अशा शाळा अमेरिकेत पुष्कळ आहेत आणि त्यांची घडण बरीचशी सारखी असते. माझे मत आधीच सांगते. आपले मूल शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला नावानिशी माहीत असावे असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी ही शाळा जरूर पाहावी. ज्या मुलाला वाचनात किंवा गणितात विशेष मदत लागते, त्याच्या पालकांनी मात्र करारावर सही करण्यापूर्वी कसून चौकशी करावी.

धर्माच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण आपल्या घरांत तोच सर्वांत नाजूक असतो. एपिस्कोपल चर्च हे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धानंतर वेगळे झालेले चर्च. त्याची घटना आणि त्याचे स्वतःचे प्रार्थनापुस्तक 1789 मध्ये मंजूर झाले. ज्या जागतिक अँग्लिकन परिवारात ते मोडते, त्याच परिवारात 1970 मध्ये नागपुरात स्थापन झालेले चर्च ऑफ नॉर्थ इंडियाही आहे. पुण्याच्या बिशप्स स्कूलमध्ये शिकलेल्या एका पालकांना येथील सकाळची प्रार्थना आणि भजनांच्या चाली पहिल्याच दिवशी ओळखीच्या वाटल्या, याचे मला म्हणूनच नवल वाटले नाही. या चर्चने 1976 मध्ये स्त्रियांना धर्मगुरुपद खुले केले आणि 1989 मध्ये बार्बरा हॅरिस यांच्या रूपाने पहिली स्त्री बिशप नेमली. आमच्या शाळेच्या चॅप्लेन, म्हणजे शाळेच्या धर्मगुरू, बाईच आहेत. वेदीसमोर उभी राहून प्रार्थना चालवणारी स्त्री आमच्या मुलीने सहाव्या वर्षापासून पाहिली आणि त्यात काही वेगळे आहे असे तिला कधी वाटलेच नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

चॅपल, म्हणजे शाळेची प्रार्थनासभा, सर्वांना सक्तीचे आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तेथे होते ती खरी उपासना असते. बायबलमधला उतारा वाचला जातो, स्तोत्रे म्हटली जातात, ॲडव्हेंटमध्ये, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांत, चार मेणबत्त्यांचे वर्तुळ मांडून दर आठवड्याला एकेक मेणबत्ती वाढवत जातात. मात्र ख्रिस्ती व्हावे असा आग्रह आम्हाला इतक्या वर्षांत कोणी केलेला नाही. ज्या दिवशी प्रभुभोजनाचा विधी असतो त्या दिवशी बाप्तिस्मा न झालेली मुले रांगेत जाऊन दोन्ही हात छातीवर फुलीसारखे दुमडून उभी राहतात. ती खूण पाहून चॅप्लेन भाकरी न देता डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. ज्यांना तेवढेही नको असते ती बाकावरच बसून राहतात आणि त्यांना कोणी कारण विचारत नाही. आमच्या मुलीने लहानपणी एक मार्ग धरला, सातवीत गेल्यावर दुसरा. दोन्ही वेळा निर्णय तिचा होता.

दिवाळीच्या सुमारास चॅप्लेन बाईंनी आम्हाला वर्गात बोलायला बोलावले. समई चॅपलमध्ये नको, वर्गात लावू या, असे त्यांनीच सुचवले, आणि त्यामागचे कारणही सांगितले: तुमच्या सणाला आमच्या उपासनेचा एक भाग करून टाकणे हा त्या सणाचा मान नव्हे. सगळे धर्म शेवटी एकच असे गोड बोलून वेळ मारून नेण्यापेक्षा ही भूमिका मला कितीतरी अधिक आदराची वाटली. 1979 च्या प्रार्थनापुस्तकात बाप्तिस्म्याच्या वेळी प्रत्येक माणसाची प्रतिष्ठा राखण्याचे वचन घेतले जाते. शाळा आपले सगळे वागणे त्या वचनाशी जोडू पाहते, आणि बहुतेक वेळा ते तिला साधते.

आता छोटेपणाविषयी, कारण या शाळेचे बरे-वाईट सगळे त्यातूनच निघते. प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी आहे. टेक्ससच्या कायद्याने सरकारी शाळेत चौथीपर्यंत एका वर्गात 22 मुलांची मर्यादा आहे आणि शाळा-जिल्ह्यांना, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांना, त्यातूनही सवलत मिळू शकते; येथे वर्ग त्याहून बराच लहान असतो. पण खरा फरक आकड्यात दिसत नाही. संख्या कमी असल्यामुळे प्रत्येक मुलाची गरज पडते. नाटकात सगळा वर्ग असतो, गायनवृंदात सगळी मिडल स्कूल असते आणि बास्केटबॉलचा संघ उभा करायचा तर कधी चेंडूही न धरलेल्या मुलाला मैदानात उतरावे लागते. आमची मुलगी अबोल. मोठ्या शाळेत ती मागच्या बाकावर सुखाने वर्षे काढू शकली असती. येथे तिला सहावीत चॅपलमध्ये उतारा वाचावा लागला, सातवीत नाटकाची प्रकाशयोजना सांभाळावी लागली आणि आठवीत बालवर्गातला एक मुलगा ‘बडी’ म्हणून तिच्या हवाली झाला. चॅपलला जाताना त्याचा हात धरून पार्किंगचा रस्ता ओलांडायचा, बाकावर शेजारी बसवायचे, स्तोत्राच्या पुस्तकात चालू ओळीखाली बोट फिरवत राहायचे आणि त्याच्या बुटांची नाडी सुटली की भर प्रार्थनेत खाली वाकून बांधायची, हे तिचे काम. आठवीच शेवटची इयत्ता असल्यामुळे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांवर ही वडीलकी येते. त्याच वयाची मुले मोठ्या हायस्कूलच्या सावलीत असती, तर ती त्यांच्या वाट्याला आली नसती.

अभ्यास चांगला आहे. खाजगी शाळा असल्यामुळे राज्याची स्टार परीक्षा नाही, आणि तिच्या तयारीत जाणारे आठवडे येथे लेखनाला मिळतात; शिक्षक निबंध परत देतात तेव्हा समासात त्यांचा मजकूर कधीकधी मुलाच्या मजकुराइतकाच असतो. मिडल स्कूलमध्ये लॅटिन आहे आणि आठवीत बीजगणित. गणिताची ज्याला खरी ओढ आहे त्याला मात्र हे पुरत नाही, कारण एकाच तुकडीत वेगवेगळे स्तर करायला जागाच नसते. विज्ञानाची प्रयोगशाळाही साधीच आहे.

छोटेपणाची दुसरी बाजू पालकांना दौऱ्यात दाखवली जात नाही. सहावीत मुलीचे दोन मैत्रिणींशी बिनसले, तेव्हा तिला जायला दुसरी तुकडी नव्हती. त्याच चौघी-पाचजणींबरोबर जेवायचे, त्याच मुलींबरोबर सहलीला जायचे, असे सगळे वर्ष गेले. शिक्षकांनी लक्ष घातले, चॅप्लेन बाई तिच्याशी बोलत राहिल्या, पण माणसे वाढवणे कोणाच्याच हातात नव्हते. एखादा शिक्षक वर्षाच्या मध्यात सोडून गेला तर तो अख्खा विषयच काही काळ डगमगतो, हेही आम्ही अनुभवले.

माझी सर्वांत गंभीर तक्रार मुलाच्या बाबतीतली आहे. दुसरीत त्याचे वाचन मागे पडू लागले. शाळेत या कामासाठी एकच प्रशिक्षित शिक्षिका होती आणि तिचे तास भरलेले होते. आम्हाला बाहेरचा खाजगी ट्यूटर शोधायला सांगण्यात आले. खाजगी शाळेत घातलेल्या मुलाचीही अपंगत्वाच्या शंकेवरून मोफत तपासणी करण्याची जबाबदारी केंद्रीय कायद्याने सरकारी शाळा-जिल्ह्यावर टाकलेली आहे, ही माहिती शाळेने आम्हाला दिली नाही. ती दुसऱ्या एका आईकडून कळली. तपासणीचा हक्क असला, तरी सरकारी शाळेतल्या मुलाला मिळणारी हक्काची वैयक्तिक शिक्षण-योजना खाजगी शाळेतल्या मुलाला तशीच मिळत नाही, हेही पालकांनी आधी समजून घ्यावे. प्रत्येक मुलाला ओळखण्याचा अभिमान बाळगणाऱ्या शाळेने एवढे तरी स्वतःहून सांगायलाच हवे होते. आम्ही हे लेखी कळवले, आणि आता प्रवेशाच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेख असतो.

फी वर्षाला वीस हजार डॉलरच्या पुढे आहे. तिच्यावर गणवेश, सहली, शाळेनंतरची पाळणाघर-सेवा आणि ‘ॲन्युअल फंड’ची देणगी येते, देणगी ऐच्छिक आहे, पण प्रत्येक कुटुंबाने काहीतरी द्यावे असा पाठपुरावा होतो. शाळेसाठी निधी जमवायला वसंतात होणाऱ्या लिलावाच्या रात्री कोण किती बोली लावतो ते सगळ्यांसमोर दिसते, आणि बेताच्या उत्पन्नाच्या पालकांना तेथे अवघडल्यासारखे होते. ही प्रथा शाळेने सोडावी असे मला वाटते. टेक्ससने 2025 मध्ये खाजगी शिक्षणासाठी सरकारी पैसे देणारा कायदा केला असून त्याची अंमलबजावणी 2026–27 पासून आहे. आपली शाळा त्या योजनेत सामील आहे का, हे स्वतंत्रपणे विचारावे लागेल.

आणखी एक गोष्ट विचारायला पालक कचरतात, पण विचारलीच पाहिजे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1954 च्या निकालाने सरकारी शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरल्यावर दक्षिणेत अनेक खाजगी शाळा गोऱ्या मुलांना वेगळे ठेवण्यासाठी निघाल्या. शाळा केव्हा आणि का सुरू झाली, पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी केव्हा आला, हे मी प्रवेशाच्या मुलाखतीतच विचारले आणि मला सरळ उत्तर मिळाले. गुलामगिरीत जन्मून या चर्चचे पहिले कृष्णवर्णीय धर्मगुरू झालेले ॲब्सलम जोन्स यांचा दिवस 13 फेब्रुवारीला येतो. त्या सुमारास आठवीची मुले त्यांचे चरित्र सांगतात. तेव्हा फिलाडेल्फियाच्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना कसे वेगळे बसवले जाई, तेही ती लपवत नाहीत.

पाहायला जाणार असाल तर ओपन हाउसवर समाधान मानू नका. चॅपल असेल त्या दिवसाची वेळ मागून घ्या, मागच्या बाकावर बसा आणि मोठी मुले लहानांशी कशी वागतात ते पाहा. गेल्या दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले आणि वाचनात मागे असलेल्या मुलासाठी नेमके कोण आहे, हे हेड ऑफ स्कूलना विचारा. आठवीनंतर मुले कोणत्या हायस्कूलमध्ये गेली याची यादी मागा, कारण सातवी संपता संपताच खाजगी हायस्कूलच्या प्रवेशासाठी असलेल्या आयएसईई परीक्षेचा विषय घरात येतो. फीची सवलत हवी असेल तर तिचा अर्ज प्रवेश-अर्जाबरोबरच भरा. निधी आधी आलेल्या अर्जांत वाटला जातो, आणि उशिरा आलेल्यांसाठी फारसे काही उरत नाही.