सोलर बॅटरी कॅमेरा, दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वापरून: मे महिन्यात याला माणूस दिसत नाही

घराबाहेर लावायला सोलरवाला बॅटरी कॅमेरा घ्यायचा विचार असेल आणि तुम्ही जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे असाल तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. मी जेवढे रिव्ह्यू बघितले ते सगळे थंड गावातल्या बाल्कनीत नाहीतर एसी हॉलमध्ये केलेले होते, आपल्याकडचा उन्हाळा त्यात कुठेच नव्हता. ब्रँडचं नाव लिहीत नाहीये, कारण जे सांगणार आहे ते एका कंपनीपुरतं नाही, हा प्रकारच तसा आहे. स्पेक्स तुम्हाला माहीतच आहेत, ४ मेगापिक्सेल, वर छोटं पॅनल, आत लिथियम बॅटरी, मेमरी कार्ड, २.४ गिगाहर्ट्झ वायफाय. दिवाळीच्या सेलमध्ये साडेपाच हजाराला पडला. आमचं घर यावल तालुक्यात, मागे खळं, खळ्यात ट्रॅक्टर, ठिबकच्या नळ्यांची बंडलं, विहिरीवरून काढून आणलेली मोटर आणि तिची केबल. तिथपर्यंत वायर ओढायची कटकट नको म्हणून बॅटरीवाला घेतला.

हिवाळ्यात एक नंबर चालला हे आधी सांगतो. डिसेंबर-जानेवारीत सातपुड्याकडून गार वारं सुटतं, पहाटे १० डिग्रीच्या आसपास, आणि त्या थंडीत दूधवाला फाटकाशी आला की लगेच मोबाइल वाजायचा. कुत्रं, मांजर, गोठ्यातून सुटलेलं वासरू, सगळं पकडायचा. आई आधी नको म्हणत होती, नंतर तीच झोपताना विचारायला लागली, कॅमेरा चालू आहे ना रे. तेव्हा रिव्ह्यू लिहिला असता तर पाच स्टार दिले असते आणि चार नातेवाइकांना घ्यायला लावला असता.

मे महिन्यात खळ्यातून मोटरची केबल गेली. तीन कोअरची चपटी, तांब्याची, आजचा भाव तुम्हाला माहीत आहे. रात्री नऊला ट्रॅक्टर आत लावला तेव्हा केबल होती, मग सगळे गच्चीवर झोपायला गेलो, बाराच्या सुमारास पाणी प्यायला खाली उतरलो तर फाटक उघडं आणि केबल गायब. चोरटा कॅमेऱ्याच्या समोरून गेल्याशिवाय तिथे पोचूच शकत नाही. अ‍ॅप उघडलं तर त्या वेळातली एक क्लिप नाही. बॅटरी भरपूर, वायफाय चालू, कार्डात जागा, सगळं हिरवं. पोलीस स्टेशनला पहिला प्रश्न आला फुटेज आहे का, आणि दाखवायला काही नव्हतं.

मग कंपनीशी भांडण सुरू. फोनवर दर वेळी नवीन माणूस, दर वेळी तेच, सर सेन्सिटिव्हिटी हाय करा, सर अ‍ॅप अपडेट करा, सर रीसेट मारा. शेवटी म्हणाले सर्व्हिस सेंटरला पाठवा, कुरियरचा खर्च तुमचा. पाठवला. काही दिवसांनी परत आला, सोबत कागद, कॅमेऱ्यात दोष आढळला नाही. माझं डोकंच फिरलं. माझ्या खळ्यात माणूस दिसत नाही आणि यांच्या टेबलावर सगळं ओके?

या कागदानेच मला शोधायला लावलं, आणि आता मला वाटतं की त्यांचं टेस्टिंग खोटं नव्हतं, ते एसी खोलीत झालं होतं एवढंच. बॅटरीचा कॅमेरा चोवीस तास बघत नसतो, तेवढी बॅटरी त्यात नसते. तो झोपलेला असतो. जागा असतो फक्त एक छोटा सेन्सर, लेन्सखाली जो दुधी रंगाचा फुगीर गोल दिसतो त्याच्या मागे. त्याला पीआयआर म्हणतात. हा सेन्सर चित्र बघत नाही, उष्णता बघतो. त्या दुधी प्लास्टिकवर बारीक भिंगं असतात, ती समोरची जागा सतरंजीसारखी पट्ट्यापट्ट्यांत वाटतात, माणूस एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत गेला की सेन्सरवर पडणारी उष्णता कमीजास्त होते, सिग्नल तयार होतो आणि मग तो मोठ्या कॅमेऱ्याला उठवतो. म्हणजे सगळा खेळ माणसाचं अंग आणि मागची भिंत यांच्या तापमानातल्या फरकावर. पहाटे १० डिग्रीची भिंत आणि समोर गरम माणूस, लांबूनही कळतं. पण भिंतही ३६ आणि माणसाचे कपडेही ३६ असले तर सेन्सरच्या हिशोबाने समोर कोणी हललंच नाही.

हे वाचून पटलं नाही म्हणून करून बघितलं. कोविडच्या वेळी आणलेली कपाळाला लावायची थर्मामीटर गन घरात पडून होती, तिच्यात वस्तूचं तापमान बघायचा मोड असतो. रात्री दहाला खळ्याची भिंत ३७ दाखवत होती, दिवसभर तापलेली वीट रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत असते. भाच्याचा शर्ट ३५-३६. त्याला म्हटलं चाल कॅमेऱ्यासमोरून. चालला, काही नाही. पळाला, काही नाही. कॅमेऱ्यापासून अगदी दोन हातांच्या अंतरावर गेला तेव्हा कुठे मोबाइल वाजला. मग गोठ्यातलं गोणपाट हौदात बुडवलं, पिळलं आणि अंगावर पांघरायला दिलं. आपल्याकडची हवा कोरडी, ओलं गोणपाट लगेच गार पडतं, कूलरच्या जाळ्या पडतात तसं, गन लावली तर २५ च्या आत. तो फाटकाजवळून निघाला आणि ट्रॅक्टरपर्यंत पोचायच्या आत नोटिफिकेशन आलं. गोणपाट काढून परत चालवला, परत शांत. भाचा म्हणाला, मामा, म्हणजे चोराने आंघोळ करून यायला पाहिजे का? मला त्या रात्री हसू आलं नाही, केबलचे पैसे डोळ्यासमोर होते.

माझी आधी समजूत होती की ऊन जास्त म्हणून सेन्सर बंद पडतो. तसं नाहीये, आणि हे महत्त्वाचं आहे. पारा ४५ वर असताना भरदुपारी अलर्ट बऱ्यापैकी येत होते, कारण तेव्हा भिंत ५० च्या वर तापलेली असते आणि माणूस तिच्यापेक्षा गार असतो, फरक आहे ना, उलटा का असेना. उलट दुपारी फालतू अलर्टच जास्त, झळांनी केळीची पानं हलली की मोबाइल वाजतो. पहाटे तीननंतर भिंत निवते आणि परत सगळं नीट चालतं. आंधळा काळ म्हणजे संध्याकाळ ते मध्यरात्र, भिंत उतरत उतरत माणसाच्या तापमानाला येते तो. आणि नेमकं त्याच वेळात उन्हाळ्यात आपलं सगळं गाव गच्चीवर असतं आणि खालचं घर मोकळं.

डब्यावर काय लिहिलंय बघा. 'ऑपरेटिंग टेम्परेचर ५० डिग्रीपर्यंत'. त्याचा अर्थ एवढाच की ५० ला कॅमेरा खराब होणार नाही. ५० सोडा, ३६ ला माणूस ओळखेल का हे कुठे लिहिलेलं नाही. डिटेक्शन ८ मीटर लिहिलंय, ते कोणत्या तापमानाला हे नाही. माझा राग यावर आहे. शेतात फवारणीच्या औषधावरसुद्धा कधी मारायचं, किती मारायचं लिहिलेलं असतं. घराच्या रक्षणासाठी वस्तू विकताय, तर तिला कधी दिसत नाही ते लिहायला नको?

मे महिन्याचा दुसरा त्रास चार्जिंगचा. वरून ऊन आग ओकतंय, पॅनल झगझगीत, आणि बॅटरी रोज थोडी थोडी उतरतेय. मला वाटलं पॅनल गेलं. लिथियम बॅटरी साधारण ४५ डिग्रीच्या वर चार्ज करू नये असा नियम असतो, त्यामुळे आतलं सर्किट चार्जिंग तोडून टाकतं, आणि उन्हात टांगलेल्या बंद डब्याच्या आत ४५ व्हायला आपल्याकडे सकाळचे दहासुद्धा लागत नाहीत. शिवाय पॅनल तापलं की त्याची वीजही कमी होते. याला मात्र उपाय निघाला, पॅनल वेगळ्या वायरीने लांब उन्हात ठेवलं आणि कॅमेरा पत्र्याच्या पुढे आलेल्या भागाखाली सावलीत घेतला, तेव्हापासून बॅटरी भरते. पॅनल कॅमेऱ्यालाच चिकटलेलं मॉडेल आपल्याकडे घेऊच नका.

क्लाउड प्लॅन, म्हणजे कंपनीची नेटवरची पैसे भरून घ्यायची सेवा, त्याबद्दल दोनच ओळी. फुकटात फक्त 'हालचाल' कळते, माणूस आहे की जनावर हे ओळखायला वर्षाचे वेगळे पैसे. आणि पैसे भरले तरी पीआयआरने उठवलंच नाही तर ओळखणार कोणाला? मी भरले नाहीत, भरणारही नाही.

जूनमध्ये जळगावला गोलाणी मार्केटमधून वायरवाला साधा वायफाय कॅमेरा आणला, चोवीसशेला, वर वायर, पाइप आणि मजुरी. हा सतत जागा असतो. एकामागून एक येणारी चित्रं आपसात ताडून बघतो, काय बदललं ते शोधतो, मग बदललेला आकार माणसासारखा आहे का हे कॅमेऱ्यातली चिपच ठरवते, वेगळे पैसे नाहीत. उष्णतेशी याचा संबंधच नाही. आणि मुख्य म्हणजे अलर्ट हुकला तरी रेकॉर्डिंग चालूच असतं, सकाळी मागे जाऊन बघता येतं. बॅटरीवाल्यात जे पकडलं नाही ते कायमचं गेलं. पकडलं तरी उठायला त्याला क्षणभर लागतो, तोपर्यंत माणूस अर्धा पुढे गेलेला, क्लिपमध्ये पाठच जास्त.

कार्डाचा हिशोब लोक विचारतात म्हणून सांगतो. २ एमबीपीएसवर (सेकंदाला २ मेगाबिट) चोवीस तास रेकॉर्ड केलं तर दिवसाला साधारण २२ जीबी लागतात, १२८ जीबीचं कार्ड पाच-सहा दिवस पुरतं, मग जुनं पुसून नवीन लिहितं. सेटिंगमध्ये एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची नवी पद्धत) असेल तर तेच ठेवा, जुन्या एच.२६४ पेक्षा बऱ्याच कमी जागेत तेवढंच स्वच्छ चित्र येतं. कार्ड हाय एन्ड्युरन्सवालं, म्हणजे सततचं पुसणं-लिहिणं सोसणारं घ्या, रोज पुसून-लिहून साधं कार्ड लवकर मरतं आणि मेलेलं आपल्याला ज्या दिवशी गरज असते त्याच दिवशी कळतं.

पावसाळ्यात या वायरवाल्यालाही त्रास झाला हेही लिहिलं पाहिजे. रात्री बघायला कॅमेरा इन्फ्रारेड दिवे लावतो, आपल्याला फक्त मंद लाल ठिपके दिसतात, पण तिथे किडे जमतात, किड्यांमागे कोळी येतो आणि जाळं विणतो. जाळ्यावर तो उजेड आपटून परत येतो आणि सगळं चित्र पांढरं. आठवड्याला एकदा काठीला फडकं बांधून पुसतो, दुसरा मार्ग नाही. ओसरीचा बल्ब कॅमेऱ्यापासून लांब नेला तर किडे बरेच कमी झाले.

लाइट जाते हा वायरवाल्याचा खरा कमकुवतपणा. राउटरला आणि कॅमेऱ्याला मिळून एक छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावलाय, दोन-तीन तास निघतात. यूपीएस नसेल तर अजून एक गोष्ट होते, लाइट येते पण नेट आलेलं नसतं, आणि बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांना स्वतःचं घड्याळ चालू ठेवायला आत सेल नसतो, ते वेळ नेटवरून घेतात, त्यामुळे रेकॉर्डिंगवर भलतीच तारीख पडते. चोरी आजची आणि फुटेजवर १९७०, असं पोलिसांना काय दाखवणार? १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे असा डिजिटल पुरावा कोर्टात द्यायचा तर सोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते, म्हणजे फाइलवरून काढलेला तिच्या ओळखीचा आकडा, फाइल जराही बदलली की तो बदलतो. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप दाबून छोटी होते, तिची हॅश मूळ फाइलशी जुळत नाही. म्हणून काही झालं तर आधी कार्ड काढून बाजूला ठेवा, ग्रुपवर नंतर टाका.

पासवर्ड डब्यावरचा ठेवू नका. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने असेच मूळ पासवर्डवाले कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारे डबे) लाखांनी ताब्यात घेतले होते. आता एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे सुरक्षेची तपासणी झालेलेच कॅमेरे विकायचा सरकारी नियम आहे, चांगलंच झालं, पण तो हॅकिंगसाठी आहे. उन्हात माणूस दिसतो का याची तपासणी कोणीतरी भुसावळला मे महिन्यात करून दाखवावी असं मला मनापासून वाटतं.

ज्यांनी बॅटरीवाला आधीच घेतलाय त्यांनी टाकून देऊ नका. तो असा लावा की येणारा माणूस त्याच्यासमोरून आडवा जाईल, सरळ कॅमेऱ्याकडे चालत येणारा एकाच पट्टीत राहतो आणि उशिरा कळतो. काचेमागे लावू नका, काचेतून माणसाची उष्णता सेन्सरपर्यंत पोचतच नाही, आमच्या शेजारच्या अण्णांनी खिडकीच्या आतून लावला होता आणि बारा महिने त्यांना एक अलर्ट नव्हता. समोर पश्चिमेचं ऊन खाणारी भिंत नको, मोकळी जागा असेल तर बरं. माझा आता केळीच्या बागेत ठिबकच्या फिल्टरजवळ लावलाय, तिथे संध्याकाळी पाणी सोडलेलं असतं, जमीन गार असते, परवापर्यंत तरी अलर्ट नीट येतायत.

दोन स्टार देतोय, दोन्ही हिवाळ्यासाठी. कोणी बॅटरीवाला असा वापरला असेल ज्यात पीआयआरसोबत रडारचा (रेडिओ लहरींनी हालचाल ओळखणारा) सेन्सर आहे, तर नक्की लिहा भो, रडारला तापमानाचा फरक लागत नाही म्हणून मला त्याच्यात रस आहे. फक्त किती अंतरावरून पकडतो तो आकडा मे महिन्यातल्या रात्री दहाचा सांगा, जानेवारीचा नको.