दहा वर्षांची डिझेल अर्टिगा: वीस महिने आणि 31 हजार किलोमीटरनंतर

फेब्रुवारी 2024 मध्ये कापसाचे पैसे हातात आल्यावर मी मारुती अर्टिगाचे 2014 चे झेडडीआय, म्हणजे डिझेलमधले सर्वांत वरचे, मॉडेल 4 लाख 60 हजार रुपयांना विकत घेतले. त्या दिवशी मीटरवर 71 हजार किलोमीटर होते. आज, ऑक्टोबर 2025 मध्ये, 1 लाख 2 हजार आहेत. मी घाटंजी तालुक्यातील एका गावात शिक्षक आहे, घरचे थोडे कोरडवाहू वावर आहे, घरात सहा माणसे आहेत आणि वडिलांना दर महिन्याला तपासणीसाठी सेवाग्रामला न्यावे लागते, म्हणजे जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. एवढा तपशील आरंभीच देण्याचे कारण असे, की जुनी डिझेल गाडी परवडते की नाही हे गाडीपेक्षा घेणाऱ्याच्या फेऱ्यांवर अधिक ठरते.

डिझेलच घ्यायचे आणि तेही याच इंजिनाचे, हे मी गाडी शोधण्याआधी ठरवले होते. या अर्टिगात फियाटच्या परवान्याखाली बनलेले 1248 सीसीचे मल्टिजेट इंजिन आहे. हेच इंजिन थोड्याफार फरकाने स्विफ्ट, डिझायर, टाटाची व्हिस्टा आणि मांझा, फियाटची पुंटो आणि लिनिया अशा कितीतरी गाड्यांत बसले, म्हणून वाहनविषयक मासिके त्याला गमतीने भारताचे राष्ट्रीय डिझेल इंजिन म्हणत. मारुतीने एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 हे धुराचे कडक नियम लागू होताना डिझेल गाड्या बंद केल्या, तरी सुटे भाग अजून सहज मिळतात आणि भाड्याच्या डिझायर दुरुस्त करून करून आमच्या तालुक्यातल्या मेकॅनिकांना हे इंजिन पाठ झालेले आहे. गावाकडे गाडी निवडताना आधी मेकॅनिक पाहावा आणि मग गाडी, असे माझे मत आहे. यात इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळायला टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरनंतर बेल्ट बदलण्याचा खर्च नाही. मात्र ऑइल बदलण्यात हयगय केली की त्याची शिक्षा त्या चेनलाच भोगावी लागते. झेडडीआय घेण्याचे कारण एवढेच, की त्यात समोर दोन एअरबॅग आणि जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारे एबीएस आहे.

गाडी नागपूरच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांची, एकहाती, नागपूर पासिंगची. त्यांचे पहिलेच वाक्य होते, ‘‘गुरुजी, गाडी चाललीच नाही.’’ जुन्या गाडीच्या बाजारात हे वाक्य सगळेच म्हणतात आणि मीटर मागे फिरवून ते खरेही करून दाखवतात, म्हणून मी सर्व्हिसच्या नोंदी तारखेनुसार जुळवून पाहिल्या, पेडलच्या रबराची आणि स्टिअरिंगच्या कव्हराची झीज पाहिली. सगळे जुळले. गाडी खरोखरच कमी चालली होती. मी तेवढ्यावर समाधान मानले आणि पुढच्या वर्षभरातील निम्म्याहून अधिक खर्च त्या समाधानातून उभा राहिला, कारण कमी चाललेली गाडी म्हणजे जास्त काळ उभी राहिलेली गाडी, हा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

जे तपासले ते मात्र नीट तपासले. सकाळी सातला, मालकांनी गाडी सुरू करण्याआधी पोहोचलो आणि बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री केली, कारण डिझेल इंजिनाचे दुखणे पहिल्या स्टार्टमध्ये कळते. पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली, निळा किंवा पांढरा धूर राहिला नाही, चालू इंजिनावर ऑइलचे झाकण सैल केले तर वाफेचा झोत आला नाही. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडला, तर इंजिन लगेच बंद पडले, म्हणजे क्लच घसरत नव्हता. टायरची नक्षी चांगली खोल होती. नक्षी पाहिली, पण जन्मतारीख पाहिली नाही.

टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटचे चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर 3217 होते, म्हणजे 2017 चा बत्तिसावा आठवडा. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि डांबर पायाला चिकटते. तशा दुपारी वडिलांना घेऊन परत येताना वर्ध्याच्या अलीकडे स्टिअरिंग थरथरू लागले. उतरून पाहिले तर पुढच्या डाव्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता आणि चारही टायरच्या बगलांना केसाएवढ्या चिरा होत्या. स्टेपनी लावून चाळीसच्या वेगाने घरी आलो. 185/65 आर 15 मापाचे चारही टायर नवे घेतले, 21 हजार 600 रुपये लागले. ही रक्कम सौद्यातून वजा करता आली असती.

दुसरे प्रकरण पावसाळ्यात निघाले. चढावर गाडी ओढेना, दुसऱ्या गिअरमध्ये काळा धूर सोडू लागली आणि अधूनमधून इंजिनाचा दिवा लागू लागला. यवतमाळच्या एका वर्कशॉपने ईजीआर व्हॉल्व्ह बदलावा लागेल असे सांगून 18 हजारांचा अंदाज दिला. मी गाडी आमच्या तालुक्याच्या मेकॅनिककडे नेली. त्याने व्हॉल्व्ह खोलला आणि वर्तमानपत्रावर ठेवला. चुलीवरच्या तव्याच्या बुडाला जशी काजळी धरते तसा, पण तेलकट आणि चिवट थर आत होता. मूळ वाटेत करंगळी जाईल एवढीही जागा उरली नव्हती. स्क्रूड्रायव्हरने खरवडून त्याने ढिगुळा बाजूला काढला आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, हे गाडी चालून चालून नाई बिघडली जी, उभी राहून राहून बिघडली.’’ हा व्हॉल्व्ह जळलेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात पाठवतो. घर ते बाजार अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही आणि वायूतील काजळी तेलाच्या वाफेसोबत तिथेच बसत जाते. सफाई आणि टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचा, चिरलेला एक पाइप मिळून 3 हजार 900 रुपये झाले. त्यानंतर महिन्याला निदान एकदा गाडी अर्धा-पाऊण तास सलग मोठ्या रस्त्यावर चालवतो. सेवाग्रामची फेरी त्यासाठी पुरते. पुन्हा तक्रार आलेली नाही.

हे वाचून कोणी 2020 नंतरची डिझेल गाडी घेण्याचा विचार करत असेल, तर तिथे ही बाब अधिक गंभीर आहे. बीएस-6 डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर असतो आणि तो साफ होण्यासाठी गाडी काही काळ सलग वेगात चालावी लागते. ज्यांचे सगळे येणे-जाणे गाव ते तालुका एवढ्यातच आहे, त्यांनी पेट्रोल किंवा सीएनजी पाहावी. माझ्या गाडीत हा फिल्टर नाही, ही मला तिच्या जुनेपणाची जमेची बाजू वाटते.

उभे राहण्याने वाळलेले रबर हा तिसरा खर्च. आमच्या गावाकडे वळणारा शेवटचा सहा किलोमीटर रस्ता असा आहे, की खड्ड्यात रस्ता शोधावा लागतो. पहिल्या तीन महिन्यांत पुढून खटखट सुरू झाली. लोअर आर्मचे बुश, स्टॅबिलायझरच्या लिंक आणि शॉकॲब्सॉर्बरची वरची माउंटिंग बदलली, 11 हजार 400 रुपये झाले. बॅटरीनेही त्याच सुमारास मान टाकली. डिझेल गाडीला सेल्फसाठी जोर जास्त लागतो, त्यामुळे ती अर्धमेली झाली की चालढकल चालत नाही. तिचे 6 हजार 200.

यापुढचे मात्र मागच्या मालकांच्या नावावर टाकता येत नाही, ते आमच्या गावाचेच आहे. गाडी मी सुरुवातीला गोठ्याच्या बाजूच्या शेडमध्ये, तुरीच्या कट्ट्यांशेजारी ठेवत होतो. उंदरांना धान्यासोबत वायरीचे जेवणही मिळाले. एका सकाळी गाडी सुरू होऊन चारऐवजी तीनच सिलिंडरवर फडफडू लागली. इंजेक्टरची वायर कुरतडलेली होती. 2 हजार 800 रुपये आणि दोन दिवस गेले. तंबाखूच्या पुड्या, डांबराच्या गोळ्या सगळे करून पाहिले, उपयोग दिसला नाही. कट्टे दुसऱ्या खोलीत हलवले, गाडी अंगणात आणली, रात्री बॉनेट उघडे ठेवू लागलो. तेव्हापासून त्रास नाही.

सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत कुटाराची धूळ हवेतच असते. कंपनीच्या वेळापत्रकावर न राहता मी एअर फिल्टर दर तीन हजार किलोमीटरला काढून, हवा आतून बाहेर मारून साफ करतो आणि प्रत्येक सर्व्हिसला, म्हणजे दहा हजारांना, नवा टाकतो. एसी उन्हाळ्यात थंड करेना तेव्हा मेकॅनिकने पुढचा कंडेन्सर दाखवला. त्याच्या जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू मिळून गोधडी तयार झाली होती. धुऊन, गळणारी एक नळी बदलून आणि गॅस भरून 4 हजार 700 रुपये. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी मी टाकत नाही आणि कोणाला टाकू देत नाही. आमच्या पाण्याने घागरीला जसा क्षार धरतो, तसाच तो आतल्या नळ्यांनाही धरतो.

डिझेलबाबत एक चूक माझी स्वतःची. वावरातल्या इंजिनासाठी आणलेले कॅनमधले पाच लिटर डिझेल मी एकदा अडचणीत गाडीत ओतले. आठवड्याभरात डिझेल फिल्टरमध्ये पाणी असल्याचा दिवा लागला. वेळीच पाणी काढले म्हणून निभावले. या इंजिनाच्या पंपात आणि इंजेक्टरमध्ये पाणी गेले असते, तर एअर फिल्टर आणि टायरचे हिशेब किरकोळ वाटले असते. आता जिथे ट्रॅक्टर आणि ट्रकची रीघ असते त्याच पंपावर भरतो, कारण तिथला साठा पडून राहत नाही.

चालवण्याविषयी थोडक्यात. 90 पीएसचे इंजिन दोन हजार आरपीएमच्या खाली निजलेले असते आणि मग एकदम जागे होते. ओव्हरटेक करताना आधी गिअर खाली घेणे अंगवळणी पडेपर्यंत महिना गेला. सात माणसे आणि सामान असले तर ही सवय नसणे धोक्याचे आहे. महामार्गावर सलग पळवून थांबलो तर मिनिटभर इंजिन चालू ठेवतो, म्हणजे तापलेल्या टर्बोला ऑइल मिळत राहते. शेवटच्या रांगेत मुलेच बसू शकतात. ती रांग दुमडली की सरकीच्या ढेपेची तीन पोती जातात. पांदण रस्त्यावर पावसाळ्यात ही गाडी नेऊ नये. ग्राउंड क्लिअरन्स 185 मिलिमीटर असले, तरी काळ्या मातीत पुढची चाके जागीच फिरतात. मी नेली, धुऱ्याजवळ रुतली आणि भावाने ट्रॅक्टर लावून काढली. चाकांच्या वरच्या पोकळीत बसलेला गारा वाळल्यावर दगड होतो, तो त्याच दिवशी पाण्याच्या झोताने काढावा लागतो.

कंपनीचा दावा लिटरमागे 20.77 किलोमीटरचा होता. टाकी गच्च भरून गच्च भरेपर्यंत मोजल्यास मला गाव-तालुक्यात 15 ते 15.5, नव्वदच्या वेगाने महामार्गावर 18.5 ते 19 आणि समृद्धीवर एसी लावून भरल्या गाडीने 120 ठेवल्यास पुन्हा 15 मिळतात. सरासरी 17 धरली तर 31 हजार किलोमीटरला 1,820 लिटर, म्हणजे साधारण 1 लाख 65 हजार रुपयांचे डिझेल झाले. टायरपासून एसीपर्यंतच्या दुरुस्त्यांचे 50 हजार 600 आणि चार सर्व्हिसचे मिळून 22 हजार वेगळे. त्यामुळे कोणी विचारले तर मी गाडीची किंमत 4 लाख 60 हजार सांगत नाही, सव्वापाच सांगतो. खरेदीच्या वेळी निदान पन्नास हजार बाजूला काढून ठेवता येत नसतील, तर थोडी नवी आणि थोडी लहान गाडी पाहणे बरे.

कागदपत्रांत गाडी नावावर करण्याचे फॉर्म 29 आणि 30 सगळ्यांना ठाऊक असतात. माझी गाडी अडली ती फॉर्म 35 वर, कारण कर्ज कधीच फिटले होते पण आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवलेला नव्हता. ते काम पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून करून घ्यावे, तसेच नंबर टाकून थकीत ई-चलान पाहावे. माझ्या गाडीवर दोन निघाले आणि मालकांनी लगेच भरले. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी कळवावे लागते आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्यांच्याकडेच राहतो, गाडीसोबत येत नाही. फास्टॅगही नवा घ्यावा लागतो. आरसीची मुदत पंधरा वर्षांची, म्हणजे माझ्या गाडीची 2029 पर्यंत आहे; पुढे तपासणी होऊन पाच वर्षांची वाढ मिळू शकते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्यांच्या मोहात मी पडलो नाही, कारण परराज्यातील एनओसी, इथला कर आणि नवा नंबर या सगळ्याचा खर्च त्या स्वस्त किमतीत वाढवून धरावा लागतो.

सध्या क्लच जड झाला आहे आणि पकड बरीच वर आली आहे. मेकॅनिकने प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग मिळून अकरा हजार सांगितले आहेत. पहिल्या वेचणीचा कापूस अजून घरात यायचा आहे, त्यामुळे तोवर वडिलांची फेरी सोडून बाकी कामांना मोटारसायकलच काढतो.