लेंटमधला प्रायश्चित्ताचा क्लास, बेळगाव कॅम्प (पाचपैकी साडेचार स्टार)

कॅम्पातल्या एका चर्चमध्ये लेंटभर, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, दर बुधवारी संध्याकाळी मराठीत क्लास असतो, विषय एकच, ख्रिस्ताने आपल्या पापांचं प्रायश्चित्त केलं म्हणजे नेमकं काय केलं. फी काही नाही, बुकलेटचे तेवढे साठ रुपये. पाळकसाहेब मराठीत शिकवतात पण मागच्या बाकावर कन्नडवाले असले की मधेच कन्नडमध्येपण समजावतात, त्यामुळे वेळ लागतो, लागू दे की.

सगळ्यात भारी झालं ते लेवीय १६, म्हणजे बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा सोळावा अध्याय. हा अध्याय आपण घरी वाचताना सरळ उलटतो. इथं सावकाश घेतला, आधी महायाजक स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा अर्पण करतो, मग दोन बोकड, चिठ्ठ्या टाकायच्या, एकाचा बळी आणि त्याचं रक्त पडद्याच्या आत, सगळ्यात पवित्र जागी, दयासनावर (कराराच्या पेटीच्या झाकणावर) शिंपडायचं, दुसऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून सगळ्या लोकांची पापं कबूल करायची आणि त्याला जिवंत रानात सोडायचा. पाळकसाहेबांनी टेबलावर स्वतःचे दोन्ही तळहात दाबून धरले आणि तसेच ठेवून बोलत राहिले, हॉलमध्ये कुणी हललं नाही. मग लगेच १७:११ काढायला लावलं, तिथं देव म्हणतो की वेदीवरचं हे रक्त मीच तुम्हाला दिलंय. म्हणजे माणसाने देवाला खूश करायला काही नेलं असं नाहीच, सोय देवानेच केली.

ह्याच्यावरच खानापूरकडच्या एका आज्जींनी विचारलं, "म्हंजे बाप रागावला आणि लेकराला मारलं, असंच की हो हे?" असा प्रश्न बऱ्याच ठिकाणी दाबतात. इथं पाळकसाहेब म्हणाले, "आज्जी, बरं विचारलात," आणि योहान १०:१८ वाचलं, माझा प्राण कुणी माझ्याकडून घेत नाही, मी आपण होऊन देतो, आणि मग २ करिंथ ५:१९, देव स्वतः ख्रिस्तामध्ये जगाशी समेट करत होता. बाप एकीकडे आणि लेक दुसरीकडे असं नाहीच हे, दोघांची इच्छा एकच. माझ्या मते एवढ्यासाठी तरी क्लासला बसावं, कारण आपल्याकडची कितीतरी पोरं रागीट देवाचं ते चित्र डोक्यात घेऊनच चर्च सोडतात.

इतिहासाचा बुधवार जरा पळवला. आन्सेल्म ह्या मध्ययुगातल्या धर्मपंडिताने १०९८ मध्ये पुरं केलेलं लिखाण, देवाच्या मानाचं देणं माणसाला फेडता येत नाही म्हणून देवच माणूस झाला, मग त्याच्यानंतरचा पंडित आबेलार्ड, क्रूसावरचं प्रेम बघून मन पालटतं, मग सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारक काल्विन, आपली शिक्षा त्याने घेतली. देणं समजावताना सोसायटीच्या कर्जाच्या जामीनदाराचं उदाहरण दिलं, ऊसवाल्यांना पटकन कळलं, पण मला अर्धवटच वाटलं, जामीनदार नाइलाजाने भरतो. एक गोष्ट मात्र छान सांगितली, निकेयाच्या मतांगीकारात (चर्चमध्ये म्हणतात त्या जुन्या विश्वासाच्या कबुलीत) "आमच्यासाठी" वधस्तंभावर खिळला गेला एवढंच आहे, कसं ते एकाच सिद्धांतात बांधलेलं नाही, म्हणून ह्यावरून एकमेकाला पाखंडी म्हणायची गरज नाही.

अर्धा स्टार कापला तो भरपाईवर कमी बोलले म्हणून. लेवीय ६ मध्ये लुबाडलेलं परत द्या आणि वर पाचवा हिस्सा घाला असं स्पष्ट आहे, येशूला भेटलेला जकातदार जक्कय चौपट द्यायला तयार झाला. ख्रिस्ताने पाप फेडलं म्हणून भावाचा दाबलेला बांध आपला होत नाही, आणि आमच्या भागात बांधावरून भाऊ-भाऊ वर्षानुवर्षं कोर्टात आहेत, रविवारी प्रभुभोजनाला शेजारी-शेजारी गुडघे टेकतात. ह्याला एक अख्खा बुधवार द्यायला पाहिजे होता, मी तसं पाळकसाहेबांना सांगितलंय.

बाकी माइक घुमतो, पुढं बसा. बुकलेटचा टाइप बारीक आहे, चष्मा न्या. खानापूर, निपाणीकडून येणाऱ्यांनी परतीच्या बसचं आधी बघून ठेवा, प्रश्नोत्तरं लांबतात आणि खरा क्लास तिथंच होतो, मधून उठू नका.